नवी आवृत्ती, जुनं शीट

नकाशाचं सॉफ्टवेअर नवं केलं आणि प्रोजेक्ट उघडलाच नाही, तर माणूस लगेच सावध होतो. कुठे काय अडलं ते शोधतो, चार जणांना विचारतो. खरी भीती सगळं सुरळीत उघडतं तेव्हाची आहे. कंटूर दिसतात, गावांची नावं दिसतात, गड ओळखू येतात, आणि अख्खं शीट मात्र जमिनीवरून शंभरेक मीटर सरकलेलं असतं. पडद्यावर ते कळत नाही. सह्याद्रीत तेवढं अंतर माणसाला धारेवरून कड्याच्या पोटात नेऊ शकतं.

आम्हाला हे राजगड-तोरणा वाटेवर कळलं. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यातून उतरायचं आणि डोंगरधार धरून तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं, ही वाट अनेकांच्या पायाखालची आहे. आमच्या गटाने ती जुन्या टोपोशीटवरून घरच्या संगणकावर रेखली आणि जीपीएक्स फाइल करून सगळ्यांच्या फोनमध्ये घातली. धारेवर दाट धुकं होतं. पायाखाली मळलेली वाट, आणि फोनवरची रेघ बाजूच्या उतारावर. पुढे गेलो तरी ती तितकीच दूर, त्याच बाजूला. वाट माहीत असलेले गुंजवण्याचे एक दादा बरोबर होते. ते म्हणाले, "फोन खिशात ठेवा, पायवाट सोडू नका." धुक्यात नवखी माणसं एकटी असती आणि त्यांनी रेघेवर विश्वास ठेवला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

सरकणं सगळीकडे सारखं होतं, ही खूण फार मोलाची आहे. शीट स्कॅन करून अक्षांश-रेखांशांवर बसवताना गडबड झाली असेल, तर फरक एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी येतो. सगळीकडे एकाच दिशेने, एकाच मापाने फरक येत असेल, तर पहिला संशय डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या गोलाभावर आणि मूळ बिंदूवर मोजले त्या पायावर, घ्यावा.

आपल्या जुन्या १:५०,००० शीटांचे अक्षांश-रेखांश १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर आणि मध्य भारतातल्या कल्याणपूरच्या मूळ बिंदूवर आधारलेले आहेत. फोनचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर चालतं. एकाच दगडाचे आकडे दोन्हींत वेगळे येतात आणि आपल्या भागात हा फरक जमिनीवर शंभर मीटरच्या आसपास भरतो. १:५०,००० च्या शीटवर तो दोन मिलिमीटर. अमेरिकी लष्कराची १:२,५०,००० ची जुनी शीटं वापरणाऱ्यांना तो जाणवतही नाही, कारण तिथे तो अर्ध्या मिलिमीटरहून कमी. सर्व्हे ऑफ इंडियाने २००५ च्या नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी काढलेली ओपन सिरीज शीटं डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, त्यामुळे त्यांना हा त्रास नाही. पण जुन्या शीटांवरच्या पायवाटा, टाकी आणि वाड्या नव्या शीटांत सगळ्याच सापडतात असं नाही, म्हणून डोंगरात हिंडणारी माणसं जुनी शीटं सोडत नाहीत. मीही सोडणार नाही.

राजगडाचा बालेकिल्ला ४७ एफ/१२ या शीटवर येतो आणि तोरणा ४७ एफ/११ वर. मधून १८ अंश १५ मिनिटांची अक्षांशरेषा जाते. ही दोन्ही शीटं आम्ही क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या २.१८ या आवृत्तीत बसवली होती. एव्हरेस्टची मापं आणि डब्ल्यूजीएसकडे नेणारे सरकवण्याचे आकडे देऊन स्वतःची निर्देशक प्रणाली तयार केली होती आणि सगळं नीट जुळत होतं. मग संगणकावर तिसऱ्या पिढीची आवृत्ती आली. नवा प्रोजेक्ट उघडला, शीटं त्यात ओढली, ती दिसली, आणि वाट रेखून झाली.

आतली गोष्ट अशी. स्कॅन केलेल्या जेपीजीबरोबर जी वर्ल्ड फाइल असते, तिच्यात फक्त सहा आकडे असतात: पिक्सेलची मापं, चित्राचा तिरकेपणा आणि वरच्या डाव्या कोपऱ्याची जागा. ते आकडे कुठल्या डेटमचे, हे त्यात लिहिलेलं नसतं. आपण बनवलेली प्रणाली तर शीटजवळ राहतच नाही, ती वापरकर्त्याच्या सेटिंगच्या फोल्डरात एका छोट्या डेटाबेसमध्ये असते. दुसऱ्या पिढीचं हे फोल्डर वेगळं, तिसऱ्या पिढीचं वेगळं. नव्या आवृत्तीपुढे नुसते अंश आले आणि सेटिंगप्रमाणे ते डब्ल्यूजीएस ८४ चे धरले गेले. सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. त्याला जे सांगायला हवं होतं, ते जुन्या घरात राहून गेलं होतं.

म्हणून आवृत्ती बदलण्याआधी सेटिंगचं हे फोल्डर जपून ठेवा. तिसऱ्या पिढीत सेटिंग्ज मेनूमध्ये यूझर प्रोफाइल्सखाली ते उघडायची सोय आहे, दुसऱ्या पिढीत ते वापरकर्त्याच्या घरफोल्डरात क्यूजीआयएस२ या नावाने असतं. अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक शीटशेजारी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: शीट क्रमांक, छापल्याचं वर्ष, डेटम, सरकवण्याचे आकडे, कोणी आणि केव्हा बसवलं. पुढे कुठलंही सॉफ्टवेअर आलं तरी ही फाइल वाचता येईल. जमल्यास शीट जिओटिफ म्हणून साठवा, त्यात प्रणालीची माहिती चित्राच्या आतच राहू शकते.

दुसरं काम वहीत करायचं. ज्या जागा शीटवर, उपग्रहचित्रात आणि प्रत्यक्ष जमिनीवर ओळखू येतात, अशा काही निवडा. राजगडावर संजीवनी माचीचं टोक, सुवेळा माचीवरचं नेढं, बालेकिल्ल्याचा दरवाजा या चांगल्या खुणा. गडावर गेलात की तिथे उभं राहून जीपीएसचे आकडे टिपा. नदीचं वळण, रस्त्याचा फाटा किंवा पाण्याची कड घेऊ नका, कारण त्या बदलतात. गुंजवणी धरणाचं पाणी जुन्या शीटवर शोधून सापडणार नाही. नवी आवृत्ती बसवली की सगळ्यात आधी या जागा ताडून पाहा आणि त्या जुळेपर्यंत एकही रेघ ओढू नका. निर्देशक प्रणालीच्या सेटिंगमध्ये, डेटम-रूपांतराचे अनेक पर्याय असतील तर विचारावं, असा एक पर्याय असतो. तो चालू ठेवा. २०१९ मध्ये प्रोज या रूपांतराच्या लायब्ररीची सहावी आवृत्ती आली, तेव्हापासून अशी निवड करण्याची पद्धतच बदलली आहे. हाताने लिहिलेल्या जुन्या प्रणाली त्यामुळे विशेष तपासून घ्याव्या लागतात.

देवनागरीत नावं लिहिणाऱ्यांना आणखी एक जपणूक हवी. शेपफाइल ही एक फाइल नसते, चार-पाच फाइलींचा जथा असतो. त्यातल्या सीपीजी नावाच्या छोट्या फाइलीत अक्षरांचं एन्कोडिंग लिहिलेलं असतं. ती मागे राहिली आणि नव्या आवृत्तीने दुसरं एन्कोडिंग धरलं, की पद्मावती माची आणि पाली दरवाजा यांच्या जागी चिन्हांचा चुराडा दिसतो. अशा वेळी घाबरून नावं पुन्हा टाइप करायला बसू नका. लेअरच्या गुणधर्मांत एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, बहुधा सगळं परत येतं. बिघडलेल्या अवस्थेत मात्र बदल साठवू नका. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे तीन चिन्हांत रकान्याचं नाव संपतं. मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी जिओपॅकेजकडे वळावं असं माझं ठाम मत आहे. तिथे ही कोंडी नाही आणि सगळे लेअर एकाच फाइलीत राहतात.

प्लगइनचं थोडक्यात सांगतो. तिसरी पिढी पायथन ३ वर गेली, तेव्हा दुसऱ्या पिढीची प्लगइन्स नव्याने लिहावी लागली आणि काही लिहिलीच गेली नाहीत. आता क्यूटी ६ कडे जाताना तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. आपलं काम ज्या प्लगइनवाचून अडतं, ते नव्या आवृत्तीत चालतं का हे आधी पाहावं. संगणक जुना असेल तर हेही लक्षात ठेवा की ३.२० पासून विंडोजसाठी फक्त ६४ बिटच्या आवृत्त्या निघतात.

घरी वापरणाऱ्याने दर चार महिन्यांनी येणाऱ्या आवृत्तीच्या मागे लागू नये. दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी, आणि तीही तिच्या दुरुस्त्या येऊन थोडी मुरल्यावर. जुनी आवृत्ती लगेच काढू नका, दोन्ही एकाच संगणकावर शेजारी शेजारी राहू शकतात. प्रोजेक्टची मात्र प्रत करून तीच नव्यात उघडा, कारण नव्यात साठवलेला प्रोजेक्ट जुन्यात जसाच्या तसा उघडेल याचा भरवसा नसतो. ट्रेकच्या आदल्या आठवड्यात तर सॉफ्टवेअरला हातच लावू नये.

आणि वाटून झालेल्या फाइली. आपण नकाशा दुरुस्त केला तरी लोकांच्या फोनमधली जुनी रेघ तशीच राहते, पुढे पाठवली जाते, वर्षभराने भलत्याच गटाच्या हाती पडते. आम्ही आता प्रत्येक जीपीएक्सच्या नावात तारीख आणि डेटम घालतो, दुरुस्त फाइल पाठवताना जुनीचं पूर्ण नाव लिहून ती काढून टाकायला सांगतो, आणि ज्यांचं उत्तर येत नाही त्यांना फोन करतो.