थंडीतील रंगकाम : लोखंड, दव आणि पाण्याचा टँकर

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ वसलेले आहे. डिसेंबर-जानेवारीत या भागात पहाटे बोचरी थंडी पडते, दुपारी मात्र ऊन चांगलेच जाणवते. पाण्याचे टँकर बहुधा याच दिवसांत रंगवावयास काढले जातात, कारण उन्हाळ्यात त्यांना उसंत नसते. २०१२-१३ च्या टंचाईत जालना जिल्ह्यातील अनेक गावांची तहान टँकरनेच भागविली, हे पंचायत सदस्यांना नव्याने सांगावयास नको.

रंगविलेल्या पत्र्यावरून पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटू लागले की दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. पुष्कळदा तो काम कोणत्या वेळी केले याचा असतो. रात्री निरभ्र आकाशाखाली उभा असलेला पत्रा आपली उष्णता झपाट्याने गमावतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. समजा, सकाळी हवेचे तापमान १२ अंश सेल्सिअस व आर्द्रता ८५ टक्के आहे. अशा हवेचा दवबिंदू सुमारे साडेनऊ अंश येतो. पत्रा ८ अंशांवर असेल तर त्यावर पाण्याचा पातळ थर बसणारच. तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. त्यावर दिलेला रंग लोखंडाला न धरता पाण्यावर तरंगतो आणि आतून गंज सुरू होतो. त्याच दिवशी दुपारी हवा २६ अंश व आर्द्रता ४० टक्के झाली, तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास राहतो आणि उन्हाने तापलेला पत्रा त्याच्या कितीतरी वर असतो. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक असावे, हा या कामातील जगभर मान्य असलेला नियम आहे.

दवबिंदू काढणे अवघड नाही आणि शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी हा प्रयोग मुलांकडून अवश्य करून घ्यावा. स्टीलच्या चकचकीत पेल्यात साधे पाणी घ्यावे, त्यात थोडा थोडा बर्फ टाकून तापमापीच्या शेजारी हलक्या हाताने ढवळावे. पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर ज्या तापमानाला प्रथम धुके धरते, तोच त्या वेळचा दवबिंदू. तापमापी नसेल तर ओल्या फडक्याने पत्र्याचा एक भाग पुसावा. पाव तासात तो कोरडा झाला नाही तर त्या वेळी रंगास हात लावू नये.

थंडीत रंग दाट होतो, आणि येथेच रंगाऱ्याची मोठी चूक घडते. रंग पातळ करण्यासाठी तो थिनर वाढवितो, प्रसंगी रॉकेलही ओततो. त्यामुळे रंगाचा थर पातळ बसतो, ओघळ येतात आणि रॉकेलचा तेलकटपणा मागे उरतो. त्याऐवजी डबा काही वेळ कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवावा. चुलीजवळ किंवा शेगडीवर डबा कदापि नेऊ नये. थिनरची वाफ क्षणात पेट घेते.

गॅरेजमध्ये ‘ड्युको’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगाची तक्रार वेगळी असते. हे नाव अमेरिकेतील एका कंपनीच्या रंगाचे. १९२० नंतरच्या दशकात मोटारींवर तो आला आणि नाव आपल्याकडे रूढ झाले. त्यातील थिनर वेगाने उडून जातो, त्यामुळे पृष्ठभाग थंड होऊन दमट हवेत त्यावर पांढरट छटा येते. एनॅमल रंग हवेतील प्राणवायू घेऊन वाळतो. थंडीत ही क्रिया मंदावते व सायंकाळचे दव ओल्या थरावर पडले की चकाकी जाते. म्हणून काम सकाळी दहा-अकरानंतर सुरू करून दुपारी दोनपर्यंत आटोपावे. रात्री वाहन छपराखाली घ्यावे. घासून साफ केलेला पत्रा रात्रभर उघडा न ठेवता प्रायमर त्याच दिवशी द्यावा.

टँकरच्या आतील बाजूस पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेलाच लेप लावावा. वाहनाचा साधा रंग तेथे चालत नाही. दोन घटक मिसळून वापरावयाचे इपॉक्सी लेप सर्वसाधारणपणे १० अंशांखाली नीट पक्के होत नाहीत. एरवी आठवडाभरात तयार होणाऱ्या लेपाला थंडीत अधिक दिवस द्यावे लागतात आणि तोपर्यंत पाणी भरण्याची घाई करू नये. आत काम करणारा माणूस एकटा नसावा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते; झाकण उघडे ठेवून, पंख्याने हवा खेळती ठेवून आणि वर एक सोबती उभा करूनच त्याला आत उतरवावे.