गोष्टीचा खेळ: पहिल्यांदाच सूत्रधार होणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी



टेबलाभोवती बसून खेळायच्या एका खेळाबद्दल आज लिहितेय. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. प्रत्येक मूल एक पात्र घेतं: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी वैद्य. एक मोठा माणूस गेम मास्टर होतो. तो त्या अद्भुत जगाचं वर्णन करतो आणि राक्षसापासून दुकानदारापर्यंत उरलेली सगळी सोंगं स्वतः घेतो. आपल्या पात्राने काय करायचं ते मुलं ठरवतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. तीच गोष्ट आठवडेच्या आठवडे पुढे चालली की तिला कॅम्पेन म्हणतात.

मी गेम मास्टरला 'सूत्रधार' म्हणते. का, ते पुढे येईलच.

माझी पहिली चूक

पहिल्या खेळासाठी मी आठ पानं लिहून काढली होती. देवळाशेजारचं तळं, त्यातलं पाणी पिऊन टाकणारा राक्षस, रानातल्या म्हातारीकडची किल्ली, शेवटी लढाई. पाच मुलं बसली. दहाव्या मिनिटाला एक मुलगी म्हणाली, "बाई, तेका मारूक नको, जेवूक बोलवया. तहान लागली म्हणानच पाणी पिता तो."

माझ्या आठ पानांत जेवण कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "नाही, तसं चालणार नाही. आधी किल्ली आणा." मुलांनी किल्ली आणली, लढाईही केली. पण त्यानंतर कोणी स्वतःहून काही सुचवलं नाही. दर वेळी "बाई, आता काय करू?" एवढंच. मी खेळ घेत नव्हते, पाठ वाचून दाखवत होते.

दशावतारातून काय घ्यायचं

आमच्या वालावलला, म्हणजे सगळ्या सिंधुदुर्गातच, जत्रा म्हटली की रात्री दशावतार आलाच. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी कलाकारांना आख्यान सांगितलं जातं, कोणी कोणतं पात्र घ्यायचं ते ठरतं. संवाद मात्र उभ्या उभ्या, समोरच्याचं ऐकून बोलायचे. रंगमंचावर एक बाक असतो. तोच सिंहासन होतो, तोच डोंगर होतो. बाकीचं काम पेटी, मृदंग, झांज आणि कलाकाराची जीभ करते.

लहानपणापासून हे बघत आले, तरी टेबलावर बसल्यावर विसरले. दशावतारी नट समोरच्याला "हे माझ्या कागदात नाही" असं कधी सांगत नाही. त्याच्याकडे कागदच नसतो. समोरून प्रश्न आला की पुराणाचा धागा न सोडता तो उत्तर देतो. पहिल्यांदा सूत्रधार होणाऱ्याने शिकायचं ते एवढंच: गोष्ट लिहून नेऊ नका, प्रसंग तयार करून न्या आणि मुलांचं ऐका.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. आख्यानाचा शेवट प्रेक्षकांनाही ठाऊक असतो. आपल्या खेळाचा शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसावा. आम्हा शिक्षकांना हे सगळ्यात जड जातं, कारण उत्तर आधीच माहीत असण्याची आपल्याला सवय असते.

तयारी किती करायची?

आता मी एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चारच गोष्टी लिहिते.

१. जागा. मुलांच्या ओळखीची घ्या. तळं, खाडी, कलमांची बाग, जुनी विहीर. परदेशी किल्ला रंगवायला आपल्यालाच शब्द सुचत नाहीत. खाडीकाठचा चिखल मुलंच आपल्याला वर्णन करून सांगतात.

२. कोणाला काय हवंय. राक्षसाला पाणी हवंय. गावाला शेती जगवायची आहे. एवढं ठरलेलं असलं की मुलांनी काहीही केलं तरी राक्षस काय बोलेल ते आपोआप सुचतं.

३. कोणी काहीच केलं नाही तर काय बिघडेल. उद्या सकाळी तळं कोरडं पडेल. यामुळे खेळ रेंगाळत नाही.

४. तीन नावं. मुलं अचानक "त्या होडीवाल्याचं नाव काय?" असं विचारतात. तेव्हा अडखळायला नको. गावातल्या खऱ्या माणसांची नावं आणि आडनावं टाळा.

खलनायकाला बोलतं करा. आमच्याकडे मुलांना संकासुर का आवडतो? वेद पळवणारा असला तरी तो मालवणीत बोलतो, थट्टा करतो, सूत्रधाराला उलट उत्तरं देतो. नुसत्या गुरगुरणाऱ्या राक्षसाशी लढण्याशिवाय मुलं दुसरं काय करणार?

"नाही"च्या जागी "होय, पण"

मुलाने काही सुचवलं की तोंडात आधी "नाही" येतं. त्याऐवजी "होय, पण" म्हणून बघा. राक्षसाला जेवायला बोलवायचंय? होय, पण त्याला खंडीभर भात लागतो, तो आणणार कुठून? लगेच मुलं घरोघरी तांदूळ मागायला निघतात, हिशोब करतात, वाद घालतात. मुलांची कल्पनाही राहते आणि अडचणही राहते.

फासा कधी टाकायचा?

जमलं तरी गोष्ट पुढे जाते आणि फसलं तरी पुढे जाते, अशाच ठिकाणी टाका. दार उघडायला फासा टाकला, पडला नाही, आणि दाराशिवाय वाटच नसेल तर खेळ तिथेच संपला. फसणं म्हणजे थांबणं नव्हे. दार उघडलं, पण आवाजाने पहारेकरी जागा झाला, असं करा.

मूळ खेळात वीस बाजूंचा फासा असतो, पण तो विकत घ्यायची गरज नाही. लुडोचे दोन फासे पुरतात. दोन्हींची बेरीज सोप्या कामाला ५ किंवा जास्त, मध्यम कामाला ७ किंवा जास्त, अवघड कामाला १० किंवा जास्त हवी. दोन फाशांच्या एकूण ३६ जोड्या होतात. त्यांपैकी अनुक्रमे ३०, २१ आणि ६ जोड्या यश देतात. म्हणजे साधारण ८३, ५८ आणि १७ टक्के. हे आधी सांगू नका. तीन-चार खेळ झाल्यावर एखादं मूल विचारतंच, "बाई, दहा पडत का नाय?" संभाव्यतेचा पाठ त्या दिवशी घ्या.

सुरुवातीला ठरवायच्या गोष्टी

- चार-पाच मुलं पुरे. अख्खा वर्ग असेल तर गट करा आणि प्रत्येक गटाला एक पात्र द्या.
- पहिला खेळ ४० मिनिटांचा. मुलं रंगात आलेली असतानाच थांबवा.
- कशाची भीती वाटते, गोष्टीत काय नको, ते आधी विचारा. कोणाच्या घरी होडी बुडालेली असते, कोणाचे आजोबा नुकतेच गेलेले असतात. मध्ये 'थांब' लिहिलेली चिठ्ठी ठेवा. कोणीही ती उचलली की प्रसंग बदलायचा, कारण विचारायचं नाही.
- वर्गातल्या कोणावर सोंग बेतायचं नाही. जात, रंग, घरची परिस्थिती यावर विनोद नाही.
- मुलांना मालवणीत बोलू द्या. प्रमाण मराठीचा आग्रह धरला की निम्मी पात्रं मुकी होतात.

गप्प बसणारं मूल

माझ्या गटातला एक मुलगा पहिले तीन खेळ काहीच बोलला नाही. मी त्याला नकाशा काढायचं काम दिलं. बोलायचा आग्रह केला नाही. चौथ्या खेळात सगळे रानात चुकले. मी विचारलं, "नकाशा कोणाकडे आहे?" सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, "हयसून." एकच शब्द. पण त्या दिवशी सगळे त्याने दाखवलेल्या वाटेने गेले. पुढच्या आठवड्यात तो दोन वाक्यं बोलला.

त्या मुलीची मात्र मी माफी मागितली. दुसऱ्या कॅम्पेनमध्ये तोच राक्षस परत आणला आणि तिला म्हटलं, "बोलव त्याला जेवायला." राक्षस पोटभर जेवला आणि तळं कुठे गळतंय ते त्याने दाखवलं. ते मला आधी माहीत नव्हतं. तिने विचारलं म्हणून सुचलं.

सुट्टीत घरच्या पडवीत चार मुलं गोळा करा, दोन फासे आणि एक कागद घ्या. करून बघा आणि कसं झालं ते जरूर सांगा.