नर्सबाईंना फोन नंबर कोणाचा सांगाल?



घरात दिवस गेल्याचे कळले की तुम्ही दोघे उपकेंद्रात जाता. नर्सबाई नाव विचारतात, वय विचारतात, शेवटची पाळी कधी आली ते विचारतात. मग विचारतात, "फोन नंबर सांगा." बाई नवऱ्याकडे बघते. नवरा आपला नंबर सांगतो आणि काम झाले म्हणून दोघे घरी येतात.

हे पत्रक त्या एका नंबराविषयी आहे. तो नंबर चुकीचा असला, बंद पडलेला असला किंवा दिवसभर कारखान्याच्या लॉकरमध्ये पडून राहणारा असला, तर सरकारने तुमच्या बाळंतपणासाठी उभी केलेली बरीचशी यंत्रणा तुमच्या दारापर्यंत येऊन परत जाते.

नर्सबाई टॅबमध्ये लिहितात तरी काय?

पूर्वी नर्सबाईंच्या काखेत मोठे रजिस्टर असायचे. आजही असते, पण त्याच्या जोडीला टॅब आला आहे. २००९ साली केंद्र सरकारने गरोदर मातांची आणि बाळांची नावानिशी नोंद संगणकावर ठेवायला सुरुवात केली. पुढे ही नोंद आरसीएच पोर्टलवर होऊ लागली आणि २०१६ साली नर्सबाईंच्या टॅबसाठी 'अनमोल' नावाचे अ‍ॅप आले. नोंद झाली की प्रत्येक मातेला एक नंबर मिळतो. त्याला आरसीएच नंबर म्हणतात. तो माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावा. नर्सबाई गडबडीत असतील तर आपण होऊन मागावा, त्यात संकोच कसला?

या नंबरापुढे तुमची प्रत्येक तपासणी जोडली जाते. वजन किती, रक्तदाब किती, रक्तात हिमोग्लोबिन किती, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले की नाही, हे सगळे. समजा, रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याच्यापुढे गेला, किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली आले. अशा बाईचे गरोदरपण जोखमीचे मानतात. तिचे नाव वेगळ्या यादीत गेले पाहिजे आणि ती यादी डॉक्टरांच्या नजरेखाली राहिली पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी अशा बाईला बोलावायचे असते. बोलावणार कसे? आशाताई घरी येईल, नाहीतर फोन येईल. आशाताई आली आणि तुम्ही खोली बदलून गेला असाल, फोन लावला आणि तो लागत नसेल, तर टॅबमध्ये ती बाई "जोखमीची" म्हणून नुसती दिसत राहते.

आपल्या भागातली अडचण

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. त्यानंतर चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण असा कारखान्यांचा पट्टा पसरत गेला. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुठेही जा, शेताच्या बांधालगत खोल्यांच्या रांगा दिसतात. घरमालक इथला, भाडेकरू लातूरचा, बीडचा, बुलढाण्याचा, कोणी बिहारचा. कंत्राट संपले की काम बदलते, काम बदलले की खोली बदलते आणि स्वस्त रिचार्ज मिळाले की सिमकार्डही बदलते. गावाकडे निदान आशाताईला घर माहीत असते. इथे समोरच्या खोलीत कोण राहते हेच शेजाऱ्याला ठाऊक नसते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. पुणे-नाशिक रस्त्याने मोशी ओलांडली की इंद्रायणीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, पलीकडे खेड तालुक्यातली गावे. अलीकडे महापालिकेचे दवाखाने आणि यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, पलीकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि चाकणचे ग्रामीण रुग्णालय. कामगाराला हा पूल म्हणजे दहा मिनिटांचा रस्ता. पण चाकणची खोली सोडून भोसरीत राहायला गेलात की तुमची नर्सबाई बदलली, आशाताई बदलली, दवाखाना बदलला. नव्या ठिकाणी पहिल्यापासून नवी नोंद करत बसू नका. कार्ड दाखवा, आरसीएच नंबर सांगा. एकाच बाईची दोन ठिकाणी दोन नावांनी नोंद झाली, तर एका नर्सबाईच्या हिशेबात ती तपासणीला आलीच नाही असे दिसते आणि दुसरीच्या हिशेबात ती पाचव्या महिन्यात उगवते.

कारखान्यातून विम्याचे कार्ड मिळालेले कामगार कर्मचारी राज्य विम्याच्या मोहननगर, चिंचवड येथील रुग्णालयात जातात, काही जण खासगी प्रसूतिगृहात जातात. खुशाल जावे. फक्त बाळंतपण झाल्यावर तारीख, बाळाचे वजन आणि मुलगा की मुलगी हे आपल्या आशाताईला कळवावे.

किलकारीचा फोन

आता खरी गोष्ट. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये 'किलकारी' नावाची सेवा सुरू केली. महाराष्ट्रात ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक फोन येतो. असे एकूण ७२ निरोप आहेत. फोन उचलला की रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो. ज्या आठवड्यात जे हवे तेच सांगतो: लोहाच्या गोळ्या, आहार, बाळंतपणाची तयारी, अंगावर पाजणे, बाळाच्या लसी आणि पुढचा पाळणा कसा लांबवावा हेही. पैसे लागत नाहीत, वाचता यावे लागत नाही, साधा बटणांचा फोन चालतो.

आणि हा फोन वाजतो कुठे? नवऱ्याच्या नंबरावर. बऱ्याच कारखान्यांत फोन आत नेऊ देत नाहीत. गेटवर जमा करावा लागतो किंवा लॉकरमध्ये ठेवावा लागतो. रात्रपाळी असेल तर दिवसा नवरा झोपलेला आणि फोन उशीखाली. अनोळखी नंबर दिसला की कर्जवाला असेल म्हणून फोन कापणारेही पुष्कळ. ज्या बाईसाठी तो निरोप आहे ती खोलीत भाकऱ्या थापत बसलेली असते आणि आपल्याला सरकारचा फोन येतो हे तिच्या गावीही नसते.

म्हणून आमचे सांगणे असे, की घरात बाईचा वेगळा फोन असेल तर तोच नंबर द्या. नसेल, तर दिवसा घरात राहणारा फोन कोणाचा ते बघा. सासूबाईंचा असेल तर त्यांचा द्या, त्यांनाही ऐकू द्या. आणि नवऱ्याचाच द्यायची वेळ आली तर त्या घरधन्याने एक काम करावे. रविवारी किंवा सुटीच्या दिवशी त्याच फोनवरून १४४२३ लावावा. त्या आठवड्याचा निरोप पुन्हा ऐकायला मिळतो. दोघांनी शेजारी बसून ऐकावा. फोनचा आवाज मोठा करता येतो, हे सांगायला नकोच.

असे फोन आपल्याला अगदी नवे नाहीत. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' संस्थेने २०१४ साली मुंबईत 'एममित्र' नावाने हेच काम सुरू केले होते. तिथे एक चांगली सोय होती. फोन कोणत्या वेळी यावा हे बाईलाच विचारून घेत. वेळ बाईची पाहिजे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

या फोनांनी फरक पडतो का? उगाच मोठेपणा सांगत नाही. किलकारीची परीक्षा मध्य प्रदेशात घेतली गेली, तिचे निष्कर्ष २०२२ साली छापून आले. अंगावर पाजण्याच्या बाबतीत मोठा फरक दिसला नाही. पण पाळणा लांबवण्याची तात्पुरती साधने वापरणारी जोडपी काहीशी वाढली. नुसत्या फोनाने सगळे होत नाही, आणि वाजलेला फोन ऐकलाच नाही तर काहीच होत नाही.

पाळणा लांबवणाऱ्यांसाठी

बाळंतपण झाले म्हणून कार्ड ट्रंकेच्या तळाशी टाकू नका. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी चालते, चार आठवडे उशीर झाला तरी चालते, त्यापुढे नाही. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. वार ठरलेले असतात, ते फोनच्या गजरात घालून ठेवता येतात. हे काम नवऱ्याने करावे, त्याला फोनमधले जास्त कळते असे तोच म्हणत असतो! तांबीचे मात्र विसरायला होते. ३८० ए जातीची तांबी दहा वर्षे चालते, ३७५ जातीची पाच वर्षे. कोणती बसवली आणि कधी, हे कार्डावर लिहून घ्या, कार्डाचा फोटो काढा आणि तो माहेरी भावाच्या फोनवरही पाठवून ठेवा.

बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. सातव्या महिन्यात ओटी भरली की एसटीत बसते. जाताना कार्ड पिशवीत आणि इथल्या नर्सबाईंना सांगून जावे. तिकडे बाळ झाले की लसीही तिकडेच सुरू होतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून देशभर लागू झालेल्या 'यू-विन' मध्ये बाळाच्या लसींची नोंद होते. अंबाजोगाईला दिलेली लस चाकणला दिसते आणि पुढची लस इथे घेता येते. पण तीही नोंद शोधायची म्हणजे दिलेला मोबाईल नंबर लागतो. सिम बदलले तर पुढच्याच लसीकरणाच्या दिवशी नवा नंबर लिहायला सांगा.

जपून राहायच्या गोष्टी

फोनवर आलेला ओटीपी कोणालाही फोनवरून सांगायचा नाही. "मातृवंदनेचे पैसे आलेत, ओटीपी सांगा" म्हणून फोन आला तर ठेवून द्या. नर्सबाई किंवा आशाताई समोर बसून नोंद करत असतील आणि ओटीपी लागला, तर कशासाठी ते विचारा, मग द्या. तुम्ही कोणते साधन वापरता हा तुम्हा दोघांचा मामला आहे. ते सासरी किंवा चाळीत कळू नये असे वाटत असेल तर नर्सबाईंना तसे स्पष्ट सांगा.

आणि टॅबला सूज दिसत नाही. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, अंगावर रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यातले काही झाले तर पुढच्या तपासणीची तारीख किंवा कोणाच्या फोनाची वाट बघू नका. लगेच १०८ लावा. कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडी मोफत येते. खोलीचा पत्ता सांगता येत नसेल तर घरमालकाचे नाव आणि जवळच्या कंपनीचे गेट सांगा. हे दोन्ही आजच एका चिठ्ठीवर लिहून दारामागे चिकटवून ठेवा, म्हणजे नवरा कामावर असला तरी शेजारीण वाचून सांगेल.