काही होत नाहीये ना? मग आत्ताच जा

“मला काही त्रासच नाही, मग तपासायचं कशाला?” हे तू म्हणणार, मला ठाऊक होतं. अगं, त्रास नाही म्हणूनच जायचं. बघ, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू तिथे ठाण मांडून बसला, तर पेशी हळूहळू बिघडतात आणि कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं जातात. तोवर दुखत नाही, खुपत नाही. तपासणीचा उपयोग असतो तो याच काळात. मात्र संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. थेट डॉक्टरीणबाईंकडे जायचं.

पाळी संपून चार-पाच दिवस झाले की जा. आदल्या दोन दिवसांत आत गोळी-मलम नको, संबंधही नको. आणि सैल सलवार किंवा साडी घाल गं. मी मारे घट्ट चुडीदार घालून गेले होते. ती पायातून सुटेपर्यंत बाहेरची रांग वाढली!

आत गेल्यावर टेबलावर गुडघे वाकवून झोपायचं. कमरेवर चादर घालतात. नाही घातली तर माग, लाजू नकोस. बदकाच्या चोचीसारखं एक उपकरण घालून वाट उघडतात आणि छोट्या ब्रशने पेशी घेतात. दोन-तीन मिनिटांत संपतं. खरं सांगू का, दुखण्यापेक्षा अवघडल्यासारखंच जास्त होतं. अंग आकसलंस की टोचतं, म्हणून तोंडाने लांब श्वास सोडत राहा. मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की सिस्टर म्हणाल्या, “ताई, आधी टेबल सोडा!” तपासणीच्या दिवशी रक्ताचा एखादा डाग दिसला, तर घाबरू नकोस.

या पेशी बिघडल्यात का ते बघायची ‘पॅप’ तपासणी केलीस तर साधारण दर 3 वर्षांनी जायचं, एचपीव्हीची तपासणी केलीस तर दर 5 वर्षांनी. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांचं गर्भाशयाचं मुख सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून बघतात. मिनिटभरात पांढरा डाग उठतो का, ते तिथल्या तिथे कळतं.

एवढ्याने काय होणार, असं वाटतंय ना? मग बार्शीचं ऐक. तिथल्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मंडळींनी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताच्या धाराशिवमधल्या) गावोगावच्या 30 ते 59 वयाच्या 1,31,000 हून जास्त बायकांवर अभ्यास केला. 2009 मध्ये तो जगापुढे आला. एचपीव्हीची तपासणी एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या निम्म्यावर आले. शेतात राबणाऱ्या बायकांना हे जमलं, तर तुला शनिवारची सकाळ काढता येईलच की.

आता रिपोर्टचं. ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ वाचून लगेच रडायचं नाही आणि नवऱ्याकडे संशयाने तर मुळीच बघायचं नाही. संबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी होतो, तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो आणि बहुतेकांचा दोन वर्षांत आपोआप जातो. त्यावरून कोण कधी, कुठे, हे काही कळत नाही. डॉक्टर दुर्बिणीने नीट बघतील, त्याला कॉल्पोस्कोपी म्हणतात. गरज वाटली तर तुकडा काढून तपासतील. बिघडलेली जागा कॅन्सर होण्याआधीच जाळून किंवा कापून काढता येते आणि बऱ्याचदा त्याच दिवशी घरीही येता येतं. पण पुढची तारीख चुकवायची नाही हं, तिथेच बायका ढिल्या पडतात.

लेकीला एचपीव्हीची लस द्यायची तर 9 ते 14 हे चांगलं वय. पण लस घेतली म्हणून पुढे तपासणी सुटत नाही. आणि तुझ्या आईचं वय काय गं, साठ ना? तिची कधी झालीय का, विचार. नसेल झाली तर तिलाही सोबत घे आणि दोघींचे नंबर एकदमच लाव.