अंगणातले गवत आणि पाळीव कुत्रा

सेलूत आता घरापुढे थोडी जागा उरली तरी लोक हिरवळ लावतात, कुंड्यांत शोभेचे गवत ठेवतात. त्याच अंगणात कुत्राही असतो. ‘डॉक्टरसाहेब, कुत्रा गवत खातो, त्याला विषबाधा तर होणार नाही?’ असे मला, मी माणसांचा डॉक्टर असूनही, बरेच जण विचारतात. आपल्या भागात ही भीती साहजिक आहे. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचे विष तयार होते व ती खाऊन जनावर दगावते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते.

अंगणातल्या गवताचे तसे नाही. हरळी, लॉनचे गवत व शोभेची बहुतेक गवते विषारी नसतात. कुत्रा गवत चघळतो, कधी ओकतो आणि पुन्हा खेळू लागतो. गवती चहा जास्त खाल्ला तर पोट बिघडते, इतकेच. धोका आहे तो पुढील तीन गोष्टींत.

पहिली, कुसळ. पावसाळा सरला की कुसळी गवताची कुसळे वाळतात. त्यांच्या टोकावरील बारीक केस मागे वळलेले असल्याने कुसळ पुढेच सरकते, मागे येत नाही. ते बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात शिरते. कुत्रा सारखा पाय चाटत असेल, डोके झटकत असेल किंवा शिंकत असेल तर तपासून घ्यावे. गवत तुरे येण्यापूर्वीच कापावे.

दुसरी, फवारणी. तणनाशक वा कीटकनाशक मारलेल्या गवतावर कुत्र्याला सोडू नये. डब्यावरील सूचना वाचाव्यात.

तिसरी, शेजारची झाडे. कण्हेर, लाल असो वा पिवळी, हृदयावर घाला घालते. सायकसच्या बिया यकृत निकामी करतात. ही झाडे लहान मुलांनाही तितकीच घातक आहेत. कुत्र्याने ती खाल्ल्यास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. झाडाची फांदी सोबत घेऊन ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते, त्याला गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. घरच्यांना वाटते, घशात कुसळ अडकले; आणि कोणीतरी तोंडात हात घालतो. असे कदापि करू नये! रेबीजची लक्षणेही हुबेहूब अशीच असतात. हाताला साधा ओरखडा असला आणि त्यावर लाळ लागली तरी विषाणू शरीरात जाऊ शकतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही.

लाळ लागलीच तर साबण व वाहत्या पाण्याने ती जागा १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवसानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी घ्यावी लागते. जखमेवर लाळ लागली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. एकही डोस चुकवू नये.

कुत्रा पाळायचा तर तो तीन महिन्यांचा झाल्यावर त्याला रेबीजची लस द्यावी व पुढे दरवर्षी न विसरता द्यावी. हिरवळ राखण्यापेक्षा हे काम अधिक महत्त्वाचे आहे.