अनुभव आणि मत

'अनुभव हाच खरा गुरू' हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत आणि त्याखाली परीक्षकाने लाल रेघ मारल्याचे ऐकिवात नाही. परंतु हा गुरू सर्वांना एकच धडा देतो की प्रत्येकाला निराळा, आणि निराळा देत असेल तर त्यांपैकी खरा कोणता, या प्रश्नाकडे निबंधात सहसा कोणी वळत नाही. आपली सामाजिक मते स्वतःच्या अनुभवातून कशी घडतात आणि त्या घडण्यात कोठे गफलत होते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

वसतिगृहाच्या खाणावळीत राखीव जागांवर वाद सुरू झाला की तो कसा चालतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. एक जण म्हणतो, "माझ्या ओळखीच्या एका मुलाचे वडील मोठे अधिकारी आहेत, तरी त्याला सवलत मिळाली." दुसरा म्हणतो, "माझ्या वस्तीतला मी पहिला मुलगा कॉलेजात आलो. शिष्यवृत्ती नसती तर आज वीटभट्टीवर असतो." दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघांनीही जे डोळ्यांनी पाहिले तेच ते सांगत आहेत, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. खोटे बोलणाऱ्याला उघडे पाडता येते. पाहिलेले सांगणाऱ्यापुढे काय करणार? ताटे वाळतात, वाढपी खोळंबतो आणि मते होती तेथेच राहतात.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. घरोघरी ही रीत उपयोगी पडते, कारण पातेले एक असते, पाणी एक असते आणि जाळही एकच असतो. एक शीत शिजले असेल तर बाकीची शिजली असावीत, हे अनुमान तेथे योग्यच ठरते. समाज मात्र एका पातेल्यात शिजत नाही. जात, वर्ग, गाव, स्त्री की पुरुष, जमीन आहे की नाही, अशा कितीतरी चुली निरनिराळ्या पेटलेल्या असतात. एका चुलीवरचे शीत दाबून साऱ्या पंक्तीच्या भाताविषयी बोलणे म्हणजे स्वानुभवाचा गैरवापर होय. अनुभव खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष त्याच्या बाहेर धावतो.

मग स्वानुभवाला काही किंमतच नाही काय? तसे मुळीच नाही. महाराष्ट्रातील सामाजिक सुधारणेचा इतिहास पाहिला तर मोठी मते स्वतःच्या अंगाला चटका बसल्यावरच उभी राहिलेली दिसतात. मात्र चटका आणि मत यांच्यामध्ये बरेच काही घडलेले असते, आणि आपण नेमके तेच वगळून वाचतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता. पहिली पत्नी वारल्यानंतर 1893 मध्ये कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. म्हणजे कायदा होऊन सदतीस वर्षे झाली होती. तरीही मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि स्वतःच्या गावातील घरी जाऊन राहणेही त्यांना कठीण झाले. या अनुभवातून कोणी म्हटले असते, 'हा समाज सुधारणार नाही', आणि पुण्यात गणित शिकवीत स्वस्थ बसले असते. दुसऱ्या कोणी गावाशी जन्माचे वैर धरले असते. कर्व्यांनी त्याच वर्षी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. आणि पुढे काम करता करता त्यांच्या ध्यानात आले की, विवाहाला तयार होणाऱ्या विधवा थोड्या, त्यांना विरोध मोठा, आणि ज्या विवाह करणार नाहीत किंवा करू शकणार नाहीत त्यांच्यासाठी या चळवळीत काहीच नाही. तेव्हा त्यांनी आपला भर बदलला. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, 1900 मध्ये तो हिंगण्याला गेला आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. विधवेने आधी शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, विवाहाचा निर्णय तिचा तिने करावा, असा हा प्रवास आहे. त्यांच्या स्वतःच्या संसाराने दाखविले होते ते एवढेच की विधवाविवाह होऊ शकतो. तो सर्वांसाठी पुरेसा उपाय नाही, हे त्यांना इतर बायकांच्या आयुष्याकडे पाहून कळले. स्वतःचा विवाह सुखाचा झालेला असताना 'हाच एक मार्ग' असे न म्हणणे सोपे नसते. आपल्यापैकी पुष्कळांना एखादी परीक्षा एका गाईडवर पास झाल्यावर साऱ्या जगाला तेच गाईड घ्यायला सांगावेसे वाटते!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. 1901 साली ते व त्यांच्या घरातील मुले वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावकडे निघाली. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवान त्यांना नेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकायची व गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर एक गाडी मिळाली. रात्रभर पाणी मिळाले नाही. हा प्रसंग प्रसिद्ध आहे. परंतु असे पाणी नाकारले गेलेल्या मुलांची संख्या त्या काळी लाखांनी मोजावी लागेल. त्यांतील बहुतेकांनी तो नशिबाचा भाग मानला असेल, कारण तसेच मानावयास त्यांना शिकविले गेले होते. अनुभव तोच, मत मात्र निराळे. फरक कशामुळे पडला? शिक्षणामुळे, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात असताना अस्पृश्यतेविना माणूस जगू शकतो, याचा त्यांना रोजचा अनुभव आला. तुलना करण्यास दुसरे काही हाती आले की 'असेच असते' हे वाक्य मोडते.

याच संदर्भात 1917 मधील बडोद्याची घटना पाहावी. संस्थानच्या नोकरीसाठी गेलेल्या या उच्चविद्याविभूषित तरुणाला राहायला जागा मिळेना. एका पारशी उतारगृहात ते नाव लपवून राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशी मंडळींनी त्यांना तेथून घालवून दिले. या प्रसंगावरून त्यांनी 'पारशी वाईट' असा निष्कर्ष काढला नाही. हिंदूंना जो अस्पृश्य तो पारशांनाही अस्पृश्य ठरतो, अशी त्याची मांडणी त्यांनी केली. रोग धर्माची वेस ओलांडून पसरतो, ही गोष्ट त्यामुळे पुढे आली. संतापाच्या भरात माणूस समोरच्या व्यक्तीवर थांबतो. त्यांची नजर त्या व्यक्तीला काठी उचलायला लावणाऱ्या व्यवस्थेवर गेली. 1927 चा महाडचा सत्याग्रह पाण्यासाठी झाला, तेव्हा त्यामागे मसूरच्या रस्त्यावरची तहान होतीच. पण नुसती तहान असती तर सत्याग्रह झाला नसता.

आता उलट बाजूचा प्रश्न. ज्याने भोगले नाही त्याने बोलावे की नाही? 'ज्याचे जळते त्याला कळते' हे खरे, आणि पुस्तकी कळवळ्याचा वीट यावा इतका तो आपल्याकडे पिकतो. तरीही बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंचा त्या स्त्रीशी काही संबंध नव्हता. तरी 1882 मध्ये त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांनाच जाब विचारला. आपल्या मराठा घरातील बंधने आणि परक्या ब्राह्मण विधवेची शिक्षा यांचा धागा एकच आहे, हे त्यांना दिसले. परक्याच्या अनुभवापर्यंत पोहोचण्याची वाट स्वतःच्या अनुभवातूनच जाते; फक्त तेथे मुक्काम करून चालत नाही.

आजच्या व्यवहारातही हे पदोपदी दिसते. 1972-73 च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला गेली आणि त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये संमत होऊन 1979 पासून अमलात आला. त्या कामांवर हजेरीपटात खोटी नावे पाहिलेला मनुष्य 'योजना म्हणजे पैशांची उधळपट्टी' असे सांगतो. ज्या बाईची चूल त्या मजुरीवर पेटली ती योजनेला आई म्हणते. दोन्ही साक्षी नोंदवून घ्यायला हव्यात. पण कायदा ठेवावा की मोडावा हे ठरविताना किती गावांत काम निघाले, मजुरी वेळेवर मिळाली काय, हेही विचारावे लागते, आणि ते कोणाच्याही एकट्याच्या डोळ्यांना दिसत नाही. अर्थशास्त्राच्या आपल्या मित्रांचे येथे काम आहे. त्यांनी ते आकड्यांत गुरफटून न घेता करावे, एवढेच.

'बलुतं' 1978 मध्ये आणि 'उपरा' 1980 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी वाचकाला एक धक्का बसला. शेजारच्याच आळीत असे जगणे चालले होते आणि मध्यमवर्गाची मते त्याविना तयार झालेली होती, हे त्या धक्क्याचे कारण. ज्यांच्याजवळ अनुभव होता त्यांच्याजवळ कागद नव्हता, आणि कागदवाल्यांजवळ तो अनुभव नव्हता. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आलेली रद्दी त्या वाचीत. लिहू लागल्या तेव्हा नवऱ्याला कळू नये म्हणून ते कागद घरातल्या कानाकोपऱ्यांत, कोणाचा हात जाणार नाही अशा ठिकाणी ठेवीत. 'जिणं आमुचं' 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याआधी ते कागद सुमारे वीस वर्षे तसेच दडवलेले होते.