घरचा उकिरडा आणि शेतांतील खत

आमच्या विंचूर गांवीं उकिरडा नाहीं असें घर पूर्वीं क्वचितच सांपडे. चुलींतील राख, शेण, गोठ्यांतील उष्टा कडबा, कांद्याची टरफलें हें सर्व तेथें पडे व उन्हाळ्यांत गाडी भरून शेतांत जाई. घरांतून निघणारी बहुतेक प्रत्येक वस्तु मातींत मिळणारी होती, म्हणून निवडण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. आतां तें पडलें आहे.

महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षीं आम्हीं उकिरड्याचें खत कांद्याच्या रोपांस घातलें. वाफ्यांस पाणी देतांच वर आल्या त्या दुधाच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, वस्तऱ्याचीं पातीं आणि विजेरीचे दोन सेल! पिशवी पसरली होती तेथें पाणी मुरलें नाहीं, रोप पिवळें पडलें. खुरपणाऱ्या बाईचा अंगठा कापला व तिला धनुर्वाताची सुई टोंचावी लागली. दोष सर्वस्वी आमचा. राज्यांत २०१८ सालीं कांहीं प्लॅस्टिकवर बंदी झाली खरी, परंतु पुड्या आमच्याच ओसरीवरून उकिरड्यावर गेल्या होत्या. कित्येकजण असला केर पेटवून देतात. त्याचा विषारी धूर घरच्याच मुलांच्या छातींत जातो. शिळ्या भाकरीसह पिशवी बांधून टाकिली तर ती जनावराच्या पोटांत अडकून बसते.

इंदूर येथें हॉवर्ड साहेब व यशवंत वाड यांनीं शेतांतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची रीत बसविली व १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. लहान शेतकऱ्यास मात्र पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांची 'नाडेप' टाकी अधिक सोयीची. विटांची टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच बांधावी. भिंतींत हवेसाठीं भोंकें ठेवावीं. सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली कोरडी माती, असे थर एक-दोन दिवसांतच भरून वरून शेणमातीनें लिंपावें. पंधरा-वीस दिवसांनीं भर खचतो, तेव्हां पुन्हां भरून लिंपावें. भेगा पडूं देऊं नयेत व ओल राखावी. सुमारें १०० किलो शेणांत टाकी होते, आणि तीन-चार महिन्यांत खत तयार. चाळींतील सडका कांदा मधल्या थरांत घालावा, तेथें उष्णता अधिक असते. औषधांच्या रिकाम्या बाटल्या मात्र टाकीजवळ येऊंच देऊं नयेत.

दप्तरांतील कागद वेगळे लावण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. घरच्या केराला दुसरी टोपली ठेवण्यास मात्र धाकट्या सुनेनें सांगावें लागलें. काच, पत्रा, प्लॅस्टिक त्या टोपलींत जातें व भंगारवाला तें नेतो. आश्विनांत भरलेली टाकी आम्हीं माघांत उघडली. खत काळें, भुसभुशीत, दुर्गंधीरहित निघालें. चाळणीवर फक्त बांगडीचा एक तुकडा राहिला. तें खत पोळ कांद्याच्या वाफ्यांसाठीं राखून ठेविलें आहे.